बिट्टूच्या गाठी (आमच्या ई विंगच्या ग्रुपवर, रविवार दुपार)

ई-४०३: नमस्कार. आमच्या बिट्टू कुत्र्याच्या (शित्झू, अडीच वर्षं) कानांमागे आणि काखेत केसांच्या गाठी झाल्यात. गुरुवारी अंघोळ घातली तेव्हा दोन होत्या, आज सात सापडल्या. हात लावला की केकाटतो. मागच्या पावसाळ्यात एका दुकानात नेलं होतं, तिथे सरळ मशीन फिरवून पोटाची कातडी सोलवटली. परत न्यायचा धीर होत नाही. घरीच कात्रीने कापू का?

ई-७०१: कात्री अजिबात लावू नकोस गं. गाठ ओढली की तिच्याबरोबर कातडीही वर येते आणि आपल्याला वाटतं नुसते केस कापतोय. आमची राणी (गोल्डन रिट्रीव्हर) लहान असताना मी कानामागची गाठ अशीच कापली होती. तीन टाके पडले. ओरडलीही नाही पोर, नुसती माझ्याकडे बघत राहिली. म्हणून एवढं ठासून सांगतेय.

ई-४०३: बापरे! मग काय करू, काकू?

ई-७०१: आधी अंघोळ थांबव. गाठी त्यानेच वाढल्यात. गुंता ओला झाला की सुकताना आणखी आवळतो. आधी विंचरायचं, मगच पाणी.

ई-७०१: आता गाठीचं. चिमूटभर कॉर्नफ्लॉवर गाठीवर चोळ, बोटांनी हळूहळू फाकव. मग डाव्या हाताच्या चिमटीत गाठीचं मूळ कातडीलगत घट्ट धर, म्हणजे ओढ तुझ्या बोटांवर येते, त्याच्या कातडीवर नाही. कंगवा केसांच्या टोकाकडून सुरू करायचा आणि थोडं थोडं मुळाकडे सरकायचं. पाच मिनिटं झाली की खाऊ दे आणि सोडून दे. आज एक गाठ सुटली तरी पुष्कळ. जी चटईसारखी कातडीला चिकटून बसली असेल तिच्या नादी लागू नकोस, ती डॉक्टरांकडूनच काढून घे.

ई-४०३: पण मी रोज ब्रश करते हो! वरून अगदी मऊ लागतो.

ई-७०१: तिथेच सगळे फसतात. ब्रश वरच्या वर फिरतो आणि आत गुंता वाढत राहतो. आपण भांग पाडतो तसा केसांचा थर वर उचलून धर, खालची गुलाबी कातडी दिसली पाहिजे. तिथून एकेक थर खाली सोडत विंचर. शेवटी स्टीलचा कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडकता गेला तरच झालं म्हणायचं. कानामागे, काखेत, जांघेत आणि पट्ट्याखाली रोज बघ. घासलं जातं तिथेच गाठ धरते.

ई-२०४: काकू, आमच्या पॉमेरेनियनला उन्हाळ्यात फार धाप लागते. पूर्ण टक्कल केलं तर बरं वाटेल का?

ई-७०१: नको. पॉम, गोल्डन यांना केसांचे दोन थर असतात, आत लोकरीसारखा दाट आणि वर लांब. वरचा थर ऊन अडवतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो. टक्कल केल्याने गारवा तर मिळत नाहीच, उलट ऊन थेट कातडीवर येतं. काही पॉमना नंतर केस नीट येतच नाहीत. आतले सुटलेले केस विंचरून काढा, हवा खेळते. शित्झूचं वेगळं. त्याचे केस वाढतच राहतात, ते आखूड ठेवले तर चालतात.

ई-६०२: आम्ही बेबी शाम्पू वापरतो. ठीक आहे ना?

ई-७०१: कुत्र्याचाच घ्या. आपल्या त्वचेचा पीएच (आम्लतेचं माप) ५.५ च्या आसपास, त्यांचा ७ च्या जवळ. अंघोळीच्या पाण्यात झाकणभर जंतुनाशक ओतायची सवय असेल तर तीही सोडा, कातडी जळते आणि चाटलं तर पोटात जातं. सध्या खरं काम मात्र सुकवण्याचं. या दमट हवेत केस वरून कोरडे लागतात आणि मुळाशी ओल राहते, मग वास, खाज, लाल चट्टे. टॉवेलने खसाखसा पुसू नका, दाबून पाणी टिपा. मग ड्रायर थंड हवेवर ठेवून विंचरत विंचरत सुकवा. राणीला पाऊण तास लागतो.

ई-११०२: एक भर घालतो. उपवन तलावाच्या बाजूला किंवा येऊरच्या जंगलाच्या रस्त्यावर फिरवून आणलं की बोटांच्या बेचक्यात आणि कानात गोचीड बघाच. लांब केसांत दिसत नाही, बोटांनी चाचपावं लागतं. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढायची, चिरडायची नाही. आमच्या शेरूला गोचीडतापाने प्लेटलेट्स उतरून सलाइन लागलं होतं.

ई-१०२: सगळं छान चाललंय, पण माझ्या वाळत घातलेल्या कपड्यांवर रोज पांढरे केस येतात. हिला दमा आहे.

ई-२०४: आजोबा, ते आमच्याकडचे असणार. मी गॅलरीत विंचरते. माफ करा, आजपासून बाथरूममध्ये दार लावून विंचरेन.

सेक्रेटरी: बाथरूममध्ये विंचरणाऱ्यांनी केस गोळा करून कचऱ्यात टाकावेत आणि जाळीवर कापड ठेवावं. गेल्या महिन्यात डक्टमधल्या पाइपातून केसांचा हा एवढा बोळा निघाला.

ई-४०३: काकू, एक सुटली! डाव्या कानामागची. कॉर्नफ्लॉवरने खरंच सरकली. तो मध्येच झोपून गेला.

ई-७०१: शहाणं बाळ. काखेतल्या एकटीने करू नकोस, एकाने पाय धरावा लागतो. उद्या चारला माझा कंगवा घेऊन येते.