किलिमांजारो : ६ दिवस की ८ दिवस? आणि वेळेवर परत फिरवणारा गाइड कसा ओळखायचा?

नमस्कार मंडळी,

वय ५३, राहणार नाशिक. माध्यमिक शाळेत भूगोल शिकवते. धाकट्या बहिणीबरोबर (वय ४८) टांझानियातल्या किलिमांजारोला जायचं घाटतंय. वाचन भरपूर झालंय, तरी निर्णय होत नाही. माझ्या अडचणीला मागचा एक प्रसंग जोडलेला आहे, म्हणून पाल्हाळ होईल. सांभाळून घ्या.

२०१८ च्या ऑक्टोबरात एव्हरेस्ट बेस कॅम्पला गेले होते. बारा जणांचा गट. हवामानामुळे लुक्लाचं विमान दोन दिवस उडालंच नाही, आणि ते दिवस भरून काढायला डिंगबोचेचा विश्रांतीचा दिवस गाळला. विरळ हवेची सवय व्हायला ४,४०० मीटरवर एक दिवस जास्त थांबायचं असतं हे मला ठाऊक होतं, तरी मी गप्प बसले. त्याच रात्री डोकं ठणकायला लागलं. सकाळी गाइडने एकेकाला विचारलं, "दीदी, सिरदर्द?" मी म्हटलं, "नाही." अन्नावरची वासना गेली होती, ताटातलं शेजारच्या मुलाला वाढलं. गटात बहुतेक तरुण मुलं, पैसे सगळ्यांचे सारखेच गेलेले. बाईमाणसामुळे, त्यातही वयाने मोठ्या बाईमुळे, गट अडला असं कोणी म्हणू नये, एवढंच मनात होतं.

लोबुचेला पोचेपर्यंत दोनदा उलटी झाली आणि सपाट वाटेवर माझा पाय तिरका पडायला लागला. तो मात्र गाइडने अचूक पाहिला. अंधारात घोड्यावर बसवून मला फेरिचेला उतरवलं. एक पोर्टर सगळी वाट घोड्याला धरून माझ्यासोबत चालला. त्या थंडीत त्याच्या पायात कापडी बूट होते. साडेपाचशे-सहाशे मीटर खाली आल्यावर पहाटेपर्यंत डोकं उतरलं. गाइड रागावला नाही. फक्त म्हणाला, "आपने बताया नहीं." ते शब्द अजून कानात आहेत. माझ्या खोटेपणामुळे त्या दोघांना रात्रभर चालावं लागलं.

त्यानंतर हिमालय नाही. सह्याद्री मात्र सुटलेला नाही. अंजनेरी, ब्रह्मगिरी, रामशेज नेहमीचे, आणि महिन्यातून एकदा कळसूबाई. गुडघे धड आहेत. रक्तदाबाची एक गोळी सकाळी घेते, तो आटोक्यात आहे.

आता किलिमांजारोच का? विषुववृत्ताच्या दक्षिणेला जेमतेम तीन अंशांवर हिमनद्या, हे मी दरवर्षी फळ्यावर काढते. १८४८ मध्ये योहानेस रेबमान या मिशनऱ्याने तिथे बर्फ पाहिल्याचं कळवलं, तेव्हा लंडनच्या भूगोलतज्ज्ञांना ते पटलं नव्हतं, ही गोष्ट मुलांना फार आवडते. पायथ्याची केळी-कॉफीची शेतं, मग पावसाळी जंगल, मग झुडुपं, मग दगडांचं उजाड वाळवंट आणि वर बर्फ. पाच-सहा दिवसांच्या चालीत एवढे पट्टे ओलांडता येतात. १९१२ पासून तिथलं ८० टक्क्यांहून जास्त बर्फ गेलंय. उरलेलं एकदा डोळ्यांनी बघायचंय.

आमच्यापुढे दोन प्रस्ताव आहेत. एक माचामे मार्गाने ६ दिवसांचा, दुसरा लेमोशो मार्गाने ८ दिवसांचा. माणशी पाऊण लाखाच्या आसपास फरक पडतो. दोघींचे मिळून दीड लाख, म्हणजे आमच्यासाठी थोडे नाहीत. ते दोन दिवस खरंच तेवढ्या मोलाचे आहेत का?

दुसरं, मला सल्फाची ॲलर्जी आहे. तिशीत एका अँटिबायोटिकने अंगभर पुरळ उठलं होतं. म्हणून बेस कॅम्पच्या वेळी डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) घेतली नव्हती. याही वेळी तिच्याशिवाय जायचं का?

तिसरा प्रश्न माझ्यासाठी सगळ्यात मोठा. "९८ टक्के यश" असं सगळेच छापतात. मला वेळेवर "ताई, बस, खाली चला" म्हणणारा माणूस हवाय. तो इथे बसून कसा ओळखायचा? आणि पोर्टरांना ज्यांच्याकडे नीट वागवतात अशांबरोबरच जायचंय. ते कसं कळतं?

सुट्टी मे महिन्यात आहे. जमेल ना?

कातळपाय
ताई, मे अजिबात नको. मार्च ते मे तिकडचा मोठा पावसाळा. खालच्या जंगलात चिखल, वर ताजा बर्फ आणि ढगांत काही दिसत नाही. जानेवारी-फेब्रुवारी किंवा जून ते ऑक्टोबर धरा.

आम्ही २०२२ च्या सप्टेंबरात लेमोशोने आठ दिवसांत गेलो. त्या दोन दिवसांचं मोल नकाशावर बघा. चौथ्या दिवशी लाव्हा टॉवरपर्यंत साधारण ४,६०० मीटर चढवतात, तिथे डबा खातो आणि झोपायला खाली बारांकोला, चार हजाराच्या आत. उंच चढायचं आणि खाली झोपायचं, शरीर तेवढ्यात शिकतं. हा टप्पा माचामेलाही आहे. पण सहा दिवसांत बारांकोहून कारांगाला मुक्काम न करता थेट बराफुला, म्हणजे ४,६७० च्या आसपास जातात आणि त्याच रात्री अकरा-बाराला माथ्यासाठी उठवतात. आठ दिवसांत कारांगाची एक रात्र मिळते, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बराफु गाठून पडून राहता येतं. तुमचा मागचा अनुभव वाचला. डिंगबोचेला गाळलेला दिवस आणि कारांगाला गाळलेली रात्र ही एकच चूक आहे.

सह्याद्रीचा दम उपयोगी पडतो, पण उंचीसाठी त्याचा आधार धरू नका. शेवटी उतरून बाहेर पडतो ते म्वेका गेटच जवळपास कळसूबाईच्या माथ्याएवढ्या उंचीवर आहे. कळसूबाईचा खरा फायदा उतरताना. ५,८९५ मीटरच्या माथ्यावरून त्याच दिवशी ३,१०० च्या मुक्कामापर्यंत उतरायचं असतं. माझे गुडघे माथ्यापेक्षा त्या दुपारी जास्त बोलले.

घाटवाट_७
मी सहा दिवसांत माचामे केलंय, वय ३१. काही झालं नाही. उगाच पैसे घालवू नका, तब्येत चांगली असेल तर होतं.

कातळपाय
होतं, बऱ्याच जणांचं होतं. पण ताईंना एकदा चालताना तोल जाण्याइतका त्रास झालाय. एकदा झालेल्याला पुन्हा होण्याची शक्यता जास्त, आणि वय किंवा व्यायाम यांवरून ते ठरत नाही. तुमचा अनुभव खरा, पण तो तुमचा आहे.

घाटवाट_७
हे मान्य. ताईंच्या बाबतीत आठच.

स्टेथो
मी डॉक्टर आहे, पण हे तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्याच्या जागी घेऊ नका.

डायमॉक्स म्हणजे ॲसिटाझोलामाइड. ते सल्फोनामाइड गटातलं असलं तरी सल्फाची अँटिबायोटिक्स वेगळी. एकाची ॲलर्जी असलेल्याला दुसऱ्याची असण्याची शक्यता कमी असते. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि औषधाच्या माहितीपत्रकात इशारा असतोच. तेव्हा तुम्हाला झालं होतं ते साधं पुरळ होतं की तोंडात फोड, अंगाची साल निघणं, श्वास अडकणं असं काही, हे आधी स्पष्ट करा. गंभीर असेल तर विषय संपला. साधं पुरळ असेल तर ॲलर्जीच्या तज्ज्ञांकडे जा, ते योग्य वाटल्यास देखरेखीखाली चाचणीचा डोस देतील. पहिली गोळी डोंगरावर घेऊन बघायची नाही. प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, लघवीला जास्त होते, ते अपेक्षित आहे. जमलीच नाही तर डेक्सामेथासोन हा पर्याय आहे, पण ते स्टेरॉइड, स्वतःच्या मनाने घ्यायचं औषध नाही. रक्तदाबाच्या गोळीबद्दलही त्याच भेटीत विचारा.

आणि एक. डोकेदुखी, मळमळ, थकवा, चक्कर यांना रोज संध्याकाळी शून्य ते तीन गुण द्यायचे, असा लेक लुईस नावाचा तक्ता आहे. बहिणीने तुमचा भरायचा आणि तुम्ही तिचा. एकमेकींना डोळ्यांत बघून विचारायचं. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर सोबत असू द्या, पण एका आकड्यावर विसंबू नका. पाय तिरका पडतोय का, यासाठी टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावलं चालून बघा. ते जमलं नाही तर चर्चा नाही, रात्र असली तरी खाली.

मोशीकर
नोकरीनिमित्त नऊ वर्षं मोशीत राहतो, पायथ्याच्या गावात. पोर्टरांबद्दल विचारलंत म्हणून लिहितो, सहसा कोणी विचारत नाही.

इथे परवानाधारक गाइडशिवाय चढताच येत नाही. उद्यानाचं शुल्क दिवसागणिक आणि तंबूचं रात्रीगणिक, परदेशी प्रौढांसाठी सगळ्या कंपन्यांना सारखंच. त्यात कोणत्या कंपनीला सूट नाही. मग एखादा भलताच स्वस्त नेतो तेव्हा पैसे कुठून वाचवतो? हमालाच्या मजुरीतून, त्याच्या जेवणातून आणि तुमच्या दिवसांतून. वजनाची मर्यादा माणशी २० किलो आहे, गेटवर काटा असतो. तरी काट्यानंतर ओझं वाढवणारे आहेत.

मोशीत किलिमांजारो पोर्टर्स असिस्टन्स प्रोजेक्ट ही संस्था आहे. मजुरी, दिवसाला तीन वेळचं जेवण, झोपायचा तंबू, बूट-कपडे हे सगळं त्यांची माणसं तपासतात आणि निकष पाळणाऱ्या कंपन्यांची यादी संकेतस्थळावर ठेवतात. तुमचे दोन्ही प्रस्ताव त्या यादीत आहेत का बघा. भारतातल्या आयोजकाकडून जात असाल तर इथली प्रत्यक्ष कंपनी कोणती, ते नाव लेखी मागा. चढणारे तेच असतात. टिपेचे पैसे शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर, कोणाला किती ते मोठ्याने वाचून द्या.

गाइडचं म्हणाल तर कंपनीला विचारा : मागच्या हंगामात तुम्ही किती जणांना वाटेतून खाली आणलंत, आणि तो निर्णय कोणी घेतला? जो आकडा सांगतो आणि "मुख्य गाइडचा शब्द अखेरचा, पैशांचा त्याच्याशी संबंध नाही" असं लिहून देतो, त्याच्याबरोबर जा. दोघींमागे किमान दोन गाइड हवेत. एकीबरोबर एक गाइड खाली उतरला तरी दुसरीची चढाई अडत नाही. तुम्ही त्या वेळी खोटं का बोललात ते तुम्हीच लिहिलंय, गट अडेल म्हणून. ती भीतीच काढून टाका.

इथे दिवसभर "पोले पोले" ऐकाल, म्हणजे हळूहळू. दुकानाला दुका, गाडीला गारी, चपातीला चपातीच म्हणतात. बराफु म्हणजे बर्फच. परकं वाटणार नाही.

नाशिकच्या ताई (धागाकर्त्या)
सगळ्यांचे प्रतिसाद बहिणीला मोठ्याने वाचून दाखवले. मोशीकरदादा, दोन गाइडचं वाचल्यावर आम्ही दोघी थोडा वेळ काही बोललो नाही. मला हे सुचलंच नव्हतं. मी आजवर स्वतःला बजावत होते की या वेळी धीर करून खरं बोलायचं. बोलण्याची किंमत बहिणीला मोजावी लागणार नाही अशी सोय आधीच करून ठेवता येते, हे कळलं.

आठ दिवस नक्की. दोन्हीकडे तुमचे प्रश्न पाठवले. एकाने "आमच्याकडे असं होत नाही" एवढंच उत्तर दिलं, तो आम्ही सोडला. लेमोशोवाल्यांनी तिथल्या कंपनीचं नाव, मागच्या हंगामात परत आणलेल्यांचा आकडा आणि गाइडचा शब्द अखेरचा असल्याचं पत्र तिन्ही पाठवलं. नाव यादीत सापडलं. दोन गाइडसाठी वेगळे पैसे लागत नाहीत म्हणाले.

स्टेथो, जुन्या फाइलमध्ये कागद मिळाला. साधं पुरळ, दोन दिवसांत गेलेलं. पुढच्या सोमवारी ॲलर्जीतज्ज्ञांची वेळ घेतली आहे. तक्ता वहीत आखला, दोन रकाने, एकमेकींच्या नावाचे.

मे रद्द. शाळेत अर्ज देऊन ऑक्टोबरात रजा मिळते का बघतेय.

आता एकच. उणे २० ची झोपायची पिशवी विकत घ्यावी का? दोघींच्या फार महाग पडतायत.

कातळपाय
ऑक्टोबर जमत असेल तर माथ्याची रात्र कोजागिरीच्या आसपास येईल असं बघा. चांदण्यात डोक्यावरची बॅटरी विझवून चालता येतं. गर्दी असते, पण बर्फ चमकताना दिसतं. पाण्याची नळी त्या रात्री गोठते, बाटली अंगातल्या जाकिटात उलटी ठेवा.

मोशीकर
पिशवी विकत घेऊ नका, इथे भाड्याने चांगली मिळते. आदल्या दिवशी या, उघडून, चेन लावून, आत झोपून बघा. बूट मात्र घरून, निदान दोन महिने कळसूबाईवर वापरलेले. आणि कंपनीला शाकाहाराचं आधी कळवा. वर गेल्यावर भूक मरते, तेव्हा मेतकूट आणि लिंबाचं लोणचं आणा. गरम भातावर तेवढंच जातं. आमच्यासाठीही थोडं आणलंत तर स्टेशनवर न्यायला मी येतो, विमानतळावर म्हणायचं होतं.

नाशिकच्या ताई (धागाकर्त्या)
एक किलो मेतकूट तुमच्या नावाने बाजूला काढलंय, दादा.