सुपरमार्केटची पायरी न चढता : बेळगाव सीमाभागातला अनुभव धागा

दोघंही कामावर, मुलांची शाळा, आणि तरी धान्य-भाजी-तेल-दूध शक्यतो पंचक्रोशीतलंच हवं. हे कसं जमवायचं ते ज्यांना नेमकं ठाऊक आहे त्यांनी इथं लिहावं. आठवणी आणि आजीच्या हाताची चव दुसरीकडे. इथं माप, वेळ, भाव कसा ठरतो, काय बिघडतं आणि का बिघडतं, एवढंच हवं.

वडगावातून

शनिवारच्या बाजारापासून सुरुवात करू. बाजारात बसलेला प्रत्येक जण शेतकरी नसतो, हे आधी डोक्यात पक्कं करा. ज्याच्या पुढ्यात पंधरा जिन्नस, सगळे एका मापाचे आणि ढीग रचलेले, त्याचा माल पहाटे घाऊक बाजाराच्या यार्डातून आलेला. तो कोलारचा टोमॅटो असेल, नाहीतर नाशिकचा कांदा. जिच्यापुढं बुट्टीत दोन नाहीतर तीनच जिन्नस, शेंगा लहानमोठ्या, पेंडीला शेतातल्याच दोरीचा किंवा गवताचा आळा, ती मावशी शिवारातून आलेली. तिला "कुठलं गाव?" विचारा. गाव लगेच सांगतात. पुढचा प्रश्न "पाणी कसलं?" असा हवा. शहराच्या सांडपाण्याच्या नाल्यावर वाढलेला पाला दिसायला सगळ्यात हिरवागार असतो. पालक, मेथी आणि कोथिंबीर घेताना विहिरीचं पाणी की नाल्याचं, एवढं विचाराच. शेंगभाज्या आणि वेलभाज्यांना तितकी भीती नाही, पण विचारायला काय जातंय?

वेळ दोनच. सकाळी नऊच्या आत माल उत्तम, भाव चढा. दिवस मावळताना भाव पडतो, कारण परतीची बस धरायची असते आणि उरलेला पाला घरी नेऊन उपयोग नसतो. पालेभाजी सकाळचीच घ्या. संध्याकाळी भोपळा, रताळी, सुरण, काकडी असलं टिकाऊ घ्यायला हरकत नाही.

वजनाचा संशय असेल तर भांडू नका. एक लिटरची सीलबंद पाण्याची बाटली किलोपेक्षा किंचित जास्त भरते. ती पिशवीत असतेच, हसत हसत तागडीत ठेवायची.

"जवारी" या शब्दावर मात्र भाळू नका. आपल्याकडं गावठी वाणाला जवारी म्हणतात आणि आता ते पाटीवर लिहून दोन रुपये जास्त घेतात. जवारी टोमॅटो चपटा, वळ्या पडलेला आणि आंबट असतो, साल पातळ म्हणून दोन दिवसांत मऊ पडतो. आठवडाभर ताठ राहिला तर तो जवारी नाही. अंड्याचं तपकिरी कवच हा तर पुरावाच नव्हे, पोल्ट्रीतही तपकिरी अंडी घालणाऱ्या कोंबड्या असतात.

खानापूरहून

तांदळाबद्दल. तांदूळ विकत घेऊ नका, भात घ्या. सुगी उरकली की घरच्या माणसांना वर्षाला लागेल तेवढं भात पोत्यानं घ्यायचं आणि दर दोन महिन्यांनी लागेल तेवढंच भरडून आणायचं. चौघांच्या घरात एक वेळ भात असेल तर महिन्याला १२ किलोच्या आसपास तांदूळ लागतो. १०० किलो भातातून ६५ किलोच्या आगेमागे तांदूळ निघतो. म्हणजे वर्षाला सव्वादोन क्विंटल भात. टरफलात असेपर्यंत दाणा सुरक्षित असतो. कोंडा ठेवून भरडलेल्या तांदळातलं तेल मात्र हवेनं खवट होतं, म्हणून हातसडीसारखा तांदूळ दोन महिन्यांपेक्षा जास्त साठवायचा नाही. गिरणीत "पॉलिश कमी ठेवा" असं आधीच सांगावं लागतं, नाहीतर सवयीनं पांढराशुभ्र करून देतात.

घेताना ओलावा बघा. दहा दाणे सोलून दाताखाली धरा. कट्‌कन तुटला तर वाळलाय, चेपला तर ओला आहे. ओलं भात पोत्यात तापतं, कुबट होतं आणि भरडताना कणी फार पडते. उलटं, खळ्यावर कडक उन्हात फार वाळवलेल्यालाही चिरा जातात आणि कणी पडतेच. सावकाश वाळलेलं भात सगळ्यात चांगलं.

बेळगाव बासमती मागाल तर सावध राहा. हा आपल्या येळ्ळूर-शहापूर शिवारातला बारीक, वासाचा तांदूळ. उत्तरेतल्या लांब बासमतीशी त्याचा संबंध नावापुरता. उतारा कमी म्हणून लावणारे कमी झाले आणि त्या नावाखाली दुसरंच काही खपतं. ओळखीच्या शेतकऱ्याकडं भात असेल तरच त्याचे पैसे मोजा. एरवी इंद्रायणी घ्या, सगळीकडं मिळतो आणि वासालाही खरा. नव्या इंद्रायणीला पाणी कमी घाला, दीडपटीवर थांबा, नाहीतर खिमट होतं. सहा महिन्यांनंतर दुपटीकडं जा.

पावसाळ्यात आमच्या रविवारच्या बाजारात बांबूचे कोंब आणि अळंबी येतात. कोंब चिरून किमान दोन दिवस पाण्यात ठेवायचे, पाणी रोज बदलायचं, मग उकळून ते पाणीही ओतून द्यायचं. कच्च्या कोंबात सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं. कडूपणा गेला नाही तर खायचे नाहीत. अळंबी मात्र स्वतः काढणाऱ्या, वर्षानुवर्षं तिथंच बसणाऱ्या बाईकडूनच घ्या. चांदीचा चमचा काळा पडतो का, हळद लाल होते का, असल्या परीक्षांनी विषारी अळंबी ओळखता येत नाही.

चिकोडीहून, थोडक्यात

पूर्वेकडच्या बाजारात मराठी चालतं, पण भाव कन्नडात विचारला की तोंड लगेच खुलतं. "एष्ट री?" केवढ्याला. "कम्मी माडरी" कमी करा. जोळ म्हणजे जोंधळा, अक्की तांदूळ, बेल्ल गूळ, उळ्ळागड्डी कांदा, बदनीकाई वांगं, मेणसिनकाई मिरची, नवणी म्हणजे राळे. पुंडी पल्ल्या म्हणजे आपली अंबाडी. बायकांना "अक्का" म्हणा, दोन्ही भाषांत चालतं. धान्य कुठं कुठं अजून शेरानं-पायलीनं मोजतात. चार शेरांची पायली, पण एका पायलीत जोंधळा आणि मसूर यांचं वजन सारखं भरत नाही, शिवाय मापही दुकानागणिक वेगळं. भावाची तुलना करायची असेल तर किलोवर आणूनच करा.

अथणी भागातून

जोंधळ्याचं सगळं गणित पिठात आहे. रब्बीचा शाळू घ्या, टपोरा आणि मोत्यासारखी चमक असलेला. पावसात सापडलेल्या जोंधळ्याला काळे ठिपके पडतात, भाकरी कडवट लागते, तो स्वस्तात मिळाला तरी नको. एक किलो पिठात १२ ते १४ भाकरी होतात. यावरून महिन्याचं धरा.

दळण मात्र पंधरा दिवसांपुरतंच. जुन्या पिठाची विरी जाते, म्हणजे थापताना कडा फाटतात आणि भाकरी तव्यावर टाकेपर्यंत तुटते. विरी गेलेलं पीठ टाकायची गरज नाही. पिठाएवढंच पाणी उकळून पिठात ओता, उलथण्यानं हलवा, झाकून पाच मिनिटं ठेवा आणि मग मळा. पण वास कडू येत असेल तर तो विरीचा प्रश्न नाही, पीठ खवट झालंय. ते गुरांना.

गिरणीत आपल्या आधी कुणाचं काय दळलंय ते बघा. मिरची किंवा हरभरा झाला असेल तर पहिलं मूठभर पीठ बाजूला काढायला सांगा. कामावर जाणाऱ्यांनी सकाळी डबा ठेवून संध्याकाळी न्यावा, गिरणीवाल्याला त्याचं काही नसतं. फक्त डब्यावर नाव आणि "बारीक" किंवा "जाडं" लिहून चिकटवा.

संकेश्वरहून

चटणीची मिरची जानेवारी ते मार्चमध्येच घ्यायची, वर्षाची. नंतर येते ती कोल्ड स्टोरेजची, रंग असतो पण वास उतरलेला. आमची संकेश्वरी लांब, बारीक आणि तिखट. ब्याडगी सुरकुतलेली, रंगाला, तिखट कमी, आणि ती हावेरी जिल्ह्यातली, म्हणजे अगदी दारातली नव्हे. निम्मी-निम्मी केली तर मध्यम चटणी होते. मुलं लहान असतील तर ब्याडगी दोन वाटे.

मूठभर मिरची कानाशी हलवा. बिया खुळखुळल्या पाहिजेत. वजन वाढवायला पाण्याचा हबका मारतात, अशी मिरची वाकते पण मोडत नाही. घरी आणून दोन दिवस उन्हात टाकायची, देठं खुडायची, वजनात घट धरायचीच.

देठ काढलेल्या १ किलो मिरचीला धने पाव किलो, सुकं खोबरं पाव किलो, लसूण पाव किलो, तीळ १०० ग्रॅम, खसखस ५० ग्रॅम, खडा मसाला मिळून १०० ते १५० ग्रॅम, मीठ पाव किलो आणि कांदा अर्धा किलो. चटणी खराब होते ती बहुतेक वेळा कांद्यानं. उभा चिरून कडकडीत उन्हात दोन-तीन दिवस वाळवून मग तेलात कुरकुरीत तळला नाही, तर ओल राहते आणि आषाढात बरणीत बुरशी दिसते. डंकावर, म्हणजे कुटायच्या यंत्रावर, मिरची आणि मसाला आधी कुटायचा, लसूण, कांदा आणि मीठ शेवटी. कुटून आणल्यावर चटणी गरम असते, परातीत पसरून पूर्ण निवल्याशिवाय बरणीत भरू नका. झाकणाला आतून घाम आला की बुरशीला आमंत्रणच.

गुळाचं एकच सांगतो. पिवळाधमक गूळ घेऊ नका. रस स्वच्छ करायला भेंडीचं पाणी पुरतं, रंग उजळायला हायड्रॉस नावाची रासायनिक पावडर घालतात. तपकिरी, थोडा मऊ, जिभेवर खारट न लागणारा घ्या. गुऱ्हाळं चालू असतात तेव्हा, दिवाळीनंतर ते उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत. पावसाळ्यात गूळ पाझरतो, म्हणून ढेप फोडून घट्ट झाकणाच्या डब्यांत भरा आणि एका वेळी एकच डबा उघडा.

टिळकवाडीतून

वरचं सगळं वाचून कामावर जाणारा माणूस घाबरेल, म्हणून वेळेचं लिहिते. वर्षातून एकदा : भात, मिरची, गूळ, शाळू, डाळी. पंधरवड्याला एकदा : दळण. आठवड्याला एकदा : बाजार, दीड तास, आणि घरी आल्यावर निवडायला एक तास. हा दुसरा तास टाळला तर सगळं फुकट, मंगळवारी मेथी पिवळी पडते.

मेथी-कोथिंबीर धुवायची नाही. मुळं कापून, पिवळी पानं काढून कोरड्या सुती फडक्यात गुंडाळायची आणि डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवायची. फडकं ओलं लागलं की बदलायचं. पाच दिवस आरामात टिकते. खाण्याचा क्रम ठरलेला असू दे : रविवार-सोमवार पाला, मंगळवार-बुधवार वांगी, दोडका, गवार, गुरुवारी भोपळा किंवा रताळी, शुक्रवारी कडधान्य. शुक्रवारसाठी बेळगावचा मसूर. भातानंतर काळ्या रानातल्या ओलीवर येतो, दाणा बारीक, पटकन शिजतो. बुधवारी रात्री भिजवा, गुरुवारी सकाळी उपसून फडक्यात बांधा, शुक्रवारी मोड तयार.

आणि रताळी फ्रीजमध्ये ठेवू नका हो. थंडीनं आतून टणक होतात, शिजतच नाहीत. माती लागलेली, न धुतलेली टोपलीत उघडी ठेवा. भोकं पडलेलं रताळं पूर्ण टाकून द्या, किडीनं आलेला कडूपणा उकडून जात नाही.

हिंडलग्याहून

दुधाचा रतीब लावताना लॅक्टोमीटरवर, म्हणजे दुधाची घनता मोजायच्या नळीवर, भरवसा टाकू नका. पाणी घातलं तर आकडा खाली येतो, साय काढली तर वर जातो. दोन्ही केलं तर बरोबर जागेवर थांबतो! सलग चार दिवस तेवढंच दूध, त्याच पातेल्यात तापवून सायीची जाडी बघा, आणि विरजण लावून दह्याला पाणी सुटतं का ते बघा. पिठूळ वाटलं तर निवलेल्या दुधात टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाका. निळं झालं तर स्टार्च आहे. ते दूध ओतून टाका. पावसाळ्यात हिरव्या चाऱ्यानं दूध वाढतं पण पातळ होतं, तो गवळ्याचा दोष नाही, उगाच भांडू नका.

बैलहोंगलहून

घाण्याच्या तेलाचं कुणीच लिहिलं नाही. १ किलो तेलाला अडीच किलोच्या आसपास शेंगदाणे लागतात. याच्या निम्म्या भावात "लाकडी घाण्याचं" तेल कुणी देत असेल तर हिशोब तुम्हीच करा. दाणे स्वतः निवडून द्या, काळे पडलेले, बुरशीचे आणि सुरकुतलेले काढून. त्या बुरशीचं विष डोळ्यांना दिसत नाही आणि न गाळलेल्या तेलात उतरतं. काढलेलं तेल स्टीलच्या किटलीत तीन दिवस हलवायचं नाही, गाळ बसला की वरचं ओतून घ्यायचं. तळताना फेस येतो तो गाळ आणि ओल राहिल्यानं, तेलात भेसळ असतेच असं नाही. पेंड परत मागा, आपलीच असते. नको असेल तर घाण्यावाल्याशी तेल काढायच्या मजुरीत वळती करून घ्या.

खानापूरहून, पुन्हा

साठवणीचं राहिलं. डाळींना एरंडेल चोळा, किलोला एक चहाचा चमचा, दोन्ही तळव्यांना लावून. बोरिक पावडर मी तरी सुचवणार नाही, धुताना राहते. कडुलिंबाचा पाला घालायचा तर सावलीत खडखडीत वाळलेला, ओला घातला तर तोच डब्यात ओल आणतो. आणि धान्याला कीड लागू नये म्हणून घालतात त्या विषारी गोळ्या, सल्फास म्हणतात त्या, घरात आणायच्याच नाहीत. त्यातून निघणारा वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसाला मारतो.

वडगावातून

एरंडेल डाळींना ठीक, पण शाळूला लावू नका. पीठ चिकट येतं आणि गिरणीवाला पुढच्या वेळी डबा ठेवून घेत नाही.