समुद्री जिवाणूंच्या शोधासाठी कोल्हापूरच्या प्रयोगशाळांनी घाट उतरावा का?

रंकाळाकाठ (धागाकर्ता):
आपल्या जिल्ह्याला किनारा नाही, म्हणून नव्या औषधांसाठी समुद्री सूक्ष्मजीव धुंडाळणे हा गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचा प्रांत, आपला नव्हे, असे अनेकांना वाटते. मला ते मान्य नाही. 1943 मध्ये मातीतल्या जिवाणूपासून स्ट्रेप्टोमायसीन हे प्रतिजैविक मिळाल्यापासून जगभरची माती इतकी चाळली गेली आहे की नव्या चाळणीत बहुधा जुनीच संयुगे पुन्हा हाती लागतात. याउलट, विल्यम फेनिकल आणि पॉल जेन्सन यांना बहामाजवळच्या समुद्रतळातील गाळात सॅलिनिस्पोरा ही जिवाणूंची प्रजाती सापडली, तिच्यापासून मिळालेले सॅलिनोस्पोरामाइड ए हे कर्करोगविरोधी संयुग 2003 मध्ये जाहीर झाले, आणि 2007 मध्ये या जिवाणूचा जनुकसंच वाचला तेव्हा त्याचा सुमारे 10 टक्के भाग अशाच संयुगांच्या निर्मितीसाठी राखलेला दिसला. आंबा घाट उतरून रत्नागिरीच्या खाडीतला गाळ आणणे अवघड नाही. पदव्युत्तर प्रकल्पांपैकी काही तरी त्यासाठी राखून ठेवावेत, असे माझे मत आहे.

पन्हाळा पायथा:
सॅलिनोस्पोरामाइडची कथा आपण अर्ध्यावर सोडलीत. मॅरिझोमिब या नावाने ते ग्लिओब्लास्टोमा या मेंदूच्या कर्करोगासाठी तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत गेले आणि नेहमीच्या उपचारांना त्याची जोड देऊनही रुग्णांचे आयुर्मान वाढले नाही. समुद्राच्या बाजूने नेहमी पुढे केले जाणारे दुसरे उदाहरण सेफॅलोस्पोरिन या प्रतिजैविकाचे. ते देणारी बुरशी 1945 मध्ये शास्त्रज्ञ ब्रोत्झू यांना इटलीच्या सार्डिनिया बेटावरील काल्यारी येथे सांडपाणी जिथे समुद्राला मिळते तिथे सापडली होती. तिचे श्रेय समुद्राला द्यायचे की गटाराला, हे आपणच ठरवा.

माती संपली, हेही खरे नाही. 2015 मध्ये जाहीर झालेले टेक्सोबॅक्टिन हे प्रतिजैविक मातीतल्याच जिवाणूचे आहे. तो नेहमीच्या पेट्री डिशमध्ये वाढत नव्हता, म्हणून त्याला मातीतच ठेवून वाढवण्याची युक्ती काढावी लागली. कमतरता पद्धतीत होती. दाजीपूरचे जंगल आणि मसाई पठाराचा जांभा दाराशी असताना घाट उतरण्याची घाई कशाला?

रंकाळाकाठ:
एका रोगावरची चाचणी फसल्याने संयुगाचे रसायनशास्त्र निरुपयोगी ठरत नाही. सॅलिनोस्पोरामाइडच्या रेणूत क्लोरीनचा एक अणू आहे. तो निघून गेल्यामुळेच रेणू प्रोटिअसोमला, म्हणजे पेशीतील प्रथिने मोडणाऱ्या यंत्रणेला, कायमचा चिकटून राहतो. क्लोराइडने भरलेल्या पाण्यात राहणाऱ्या जिवाणूने हा अणू वापरावा, यात मला समुद्राची स्वतःची सही दिसते. शिवाय ट्रॅबेक्टेडिन हे कर्करोगावरचे औषध आहेच. ते एका समुद्री प्राण्यात सापडले, पण ते घडवतो त्या प्राण्यात राहणारा जिवाणू. युरोपात 2007 मध्ये आणि अमेरिकेत 2015 मध्ये त्याला मान्यता मिळाली.

पन्हाळा पायथा:
आणि आज ते बनते कसे? स्यूडोमोनास फ्लुओरेसेन्स या जिवाणूच्या किण्वनातून मिळणाऱ्या सॅफ्रासिन या संयुगावर पुढची रासायनिक प्रक्रिया करून. म्हणजे समुद्राने नमुना दाखवला आणि पुरवठ्यासाठी वेगळाच जिवाणू कामाला लावावा लागला.

उद्यमनगरकर:
मी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ नाही, टाक्या बनवतो. खाऱ्या माध्यमात वाढणारा जिवाणू मोठ्या प्रमाणात वाढवायचा तर क्लोराइड साध्या स्टेनलेस स्टीलला बारीक खड्डे पाडते, आणि त्याला टिकणारा मिश्रधातू बराच महाग पडतो. हा खर्च पहिल्याच दिवशी धरावा.

रंकाळाकाठ:
मान्य, पण तो प्रश्न औषध हाती लागल्यानंतरचा आहे.

पन्हाळा पायथा:
माझा खरा आक्षेप त्याआधीचा आहे. नदीने वाहून आणलेला मातीतलाच स्ट्रेप्टोमायसीस जिवाणू खारफुटीच्या चिखलातून वेगळा करायचा, त्याच्याभोवती जंतू न वाढलेले वर्तुळ (तो इतर जंतूंना किती रोखतो, याची खूण) मोजायचे आणि प्रबंधावर ‘समुद्री’ असा शिक्का मारायचा, असले काम मला नको आहे.

रंकाळाकाठ:
मग अट घालू. प्रत्येक जिवाणू समुद्राच्या पाण्याच्या आणि साध्या पाण्याच्या माध्यमावर शेजारी शेजारी वाढवावा. केवळ खाऱ्यावरच वाढणाऱ्यांना पुढे न्यावे. सॅलिनिस्पोराचे वेगळेपण याच कसोटीवर उघड झाले होते.

पन्हाळा पायथा:
या अटीने माझा निम्मा आक्षेप मिटतो. उरलेला निम्मा मास स्पेक्ट्रोमीटरचा, म्हणजे रेणूंच्या वस्तुमानावरून संयुगे ओळखणाऱ्या यंत्राचा आहे: अर्क आधीच माहीत असलेल्या संयुगांशी ताडून पाहण्यासाठी यंत्राचा वेळ आणि पैसा कोण देणार, हे ठरल्याशिवाय मी एकाही विद्यार्थ्याला घाट उतरायला सांगणार नाही.