बेसबॉलच्या जुन्या स्टेडियममध्ये फुटबॉलचा सामना कुठे बसून पाहावा?

मंगळवारपेठकर:
येत्या जुलैमध्ये मुलीकडे फ्लोरिडात मुक्काम आहे. जावईबापूंनी टँपा बे राउडीज या व्यावसायिक संघाचा सामना दाखवण्याचे कबूल केले आहे. हा संघ यूएसएल चॅम्पियनशिप या तिथल्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगमध्ये खेळतो आणि त्याचे घरचे मैदान, म्हणजे सेंट पीटर्सबर्गचे अल लँग स्टेडियम, मुळात बेसबॉलसाठी बांधलेले आहे. होम प्लेटच्या मागची जागा सर्वांत उत्तम, असे जावईबापूंचे म्हणणे आहे. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसून पाटाकडील आणि दिलबहार या संघांच्या फुटबॉल लढती पाहण्यात ज्याची हयात गेली, त्याने तिथे कोणते तिकीट काढावे?

रंकाळाकाठ:
जावईबापूंचा सल्ला बेसबॉलपुरता अगदी बरोबर आहे. त्या खेळात सगळे नाट्य एका कोपऱ्यात घडते. फलंदाज होम प्लेटपाशी उभा राहतो, तिथून दोन सीमारेषा काटकोनात फुटतात आणि प्रेक्षकांचे स्टँड त्या कोपऱ्याला वळसा घालून दोन हात पसरल्यासारखे बांधलेले असतात. फुटबॉलसाठी साधारण 105 बाय 68 मीटरचा आयत त्यात बसवायचा म्हटले, की सहसा स्टँडचा एक हात बाजूच्या रेषेलगत येतो आणि दुसरा गोलपोस्टच्या मागे जातो. होम प्लेटमागच्या त्या मानाच्या खुर्च्यांच्या वाट्याला मग कॉर्नरचा झेंडा येतो. पलीकडच्या गोलपुढची गर्दी तिथून मुंग्यांसारखी दिसणार. तेव्हा बाजूच्या रेषेलगत, मध्यरेषेच्या आसपास आणि शक्य तितक्या वरच्या रांगेत बसावे. तिकिटाच्या नकाशावर मध्यरेषा कुठे येते, तेवढे मात्र आधी पाहून घ्यावे.

परदेशी_पेठकरी:
नोकरीनिमित्त मी काही वर्षे त्या भागात होतो, म्हणून थोडी भर घालतो. अल लँग हे 1947 पासूनचे मैदान असून 1970 च्या दशकात ते नव्याने बांधण्यात आले. मोठे बेसबॉल संघ हंगामापूर्वीच्या सरावासाठी तिथे येत असत. 2008 नंतर तो सराव दुसरीकडे गेला आणि 2011 मध्ये राउडीज तिथे आले. गोलंदाजाचा 10 इंची उंचवटा आणि बेसभोवतीची तांबडी माती यांवर फुटबॉल कसा खेळणार? दोन्ही खेळ एकत्र नांदवायचे, तर दर वेळी उंचवटा हटवून मातीवर हिरवळ अंथरावी लागते, आणि त्या सांध्यांवर चेंडू कसा उसळेल याचा नेम नसतो. अल लँग पुढे पूर्णपणे फुटबॉलचे झाले, हे बरेच झाले. गंमत अशी, की 2018 मध्ये हा संघ विकत घेतला तो टँपा बे रेज या बेसबॉल संघाच्या मालकांनी! इंग्लंडच्या चेल्सी क्लबचा एकेकाळचा खेळाडू ‘जो कोल’ कारकिर्दीच्या अखेरीस राउडीजकडूनच खेळला. आसनक्षमता जेमतेम सात हजारांच्या घरात आहे. मे 2017 मध्ये ती 18,000 पर्यंत नेण्याच्या योजनेसाठी शहरात मतदान झाले आणि लोकांनी भरघोस कौलही दिला, कारण किनाऱ्यालगतची ही सार्वजनिक जागा दीर्घ भाड्याने द्यायची तर तिथे नागरिकांची संमती लागते. पण संघाला वरच्या लीगमध्ये प्रवेश मिळाला नाही आणि तो विस्तार राहून गेला. जुलैत संध्याकाळी विजांचा पाऊस हमखास येतो. वीज कडाडली की खेळ थांबवतात आणि शेवटच्या कडकडाटानंतर अर्धा तास थांबावे लागते. छपराखालचे तिकीट मिळाल्यास सोडू नका.

खासबागवाले:
खासबागेत मधोमध हौद आणि चहूबाजूंनी माणसे, म्हणून कुठेही बसले तरी कुस्ती सारखीच दिसते. त्या गोलात उद्या कोणी फुटबॉल आखला, तर आपलीही अशीच पंचाईत होईल. मात्र कॉर्नरजवळच्या जागेला इतके नाकारू नये. वळणारा फ्री किक तिथून जसा दिसतो, तसा मध्यरेषेवरून कधीच दिसत नाही.

मंगळवारपेठकर:
सर्वांचे आभार. बाजूच्या रेषेलगतची, छपराखालची दोन तिकिटे काढायला सांगितली आहेत. जावईबापू होम प्लेटमागेच बसणार म्हणतात, म्हणून मध्यंतरात जागा बदलून पाहायचे ठरले आहे.