भरून गेलं तरी तोट्यात: ६०० टनी प्रवासी जहाज घ्यावं का?

गच्चीवाला_जळगाव

दर रविवारी संध्याकाळी आमचे सहा जण माझ्या गच्चीवर ‘ट्रॅव्हलर’ खेळतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: मार्क मिलर यांचा हा कागद-फाशांचा भूमिकाखेळ, जीडीडब्ल्यूने १९७७ साली काढला. यात एक जहाज कर्जावर घ्यायचं, ग्रहाग्रहांत फिरवायचं आणि हप्ता भरायचा. आम्ही जुने मूळ नियम वापरतो. मी रेफरी, म्हणजे खेळ चालवणारा.

आता पोरांच्या डोक्यात शिरलंय की छोटं मालवाहू जहाज विकून ६०० टनी लायनर घ्यायचं. ३० खोल्या, २० लो बर्थ (गोठवून झोपवलेले प्रवासी), १२९ टन माल, एका उडीत (एका ताऱ्याहून दुसऱ्याकडं झेप) ३ पार्सेक (ताऱ्यांमधलं अंतर मोजायचं माप). दिसायला राजधानी एक्सप्रेस. मी म्हटलं, घ्या, पण आधी वही उघडा.

किंमत २३ कोटी ६९ लाख ७० हजार क्रेडिट. दरमहा हप्ता किमतीचा २४० वा भाग, म्हणजे ९,८७,३७५. असे ४८० हप्ते. वीस टक्के डाउन पेमेंट वेगळं, ते कुठून आणणार हे विचारलंच नाही.

आता कमाई. उडी किती का लांब असेना, आठवडाभर लागतो. मग साधारण आठवडाभर बंदरात. म्हणजे महिन्याला दोन फेऱ्या. नऊ माणसांचा स्टाफ नऊ खोल्यांत, उरल्या २१. हाय पॅसेजचं तिकीट १०,००० आणि प्रत्येकाचं एक टन सामान फुकट. लो बर्थचं १,०००. मालाचे टनाला १,०००, त्यातून सामानाचे २१ टन वजा. एकही जागा रिकामी नाही असं धरलं तरी महिन्याचे ६,७६,००० होतात.

भरून धावलं तरी नुसता हप्ता निघत नाही! इंधन, पगार, खोलीमागे २,००० चा हवापाण्याचा खर्च, हे तर मोजलंच नाही.

माझं मत स्पष्ट आहे. या नियमांत निव्वळ प्रवासी जहाज नफ्यात चालवता येत नाही. आहे तो २०० टनी फ्री ट्रेडरच (छोटं मालवाहू) ठेवा: किंमत ३ कोटी ७० लाख ८० हजार, हप्ता दीड लाखाच्या थोडा वर, भरून गेलं तर सगळा खर्च जाऊन साधारण ६५ हजार उरतात. आणि त्यातली जवळपास अर्धी कमाई मालाची. खोल्या शोभेला, पोट मालावर.

पटत नसेल तर सांगा.

स्लीपर_कोच

गच्चीवाले, गणित बरोबर, धंदा चूक. काकांच्या दोन स्लीपर गाड्या पुण्याला जातात, लहानपणापासून बघतोय. फक्त सीटवर गाडी चालते असं कोणी सांगितलं? डिकीत आणि टपावर पार्सल असतं. ड्रायव्हरला विचारा, कोणत्या फेरीला डिझेल पार्सलनं काढलं. तुम्ही म्हणता ‘पोट मालावर’, मी म्हणतो तो माल माणसांमुळेच मिळतो. गाडी ठरल्या वेळेला सुटते म्हणून पार्सल येतं. ट्रकवाला भरेपर्यंत थांबतो, बस थांबत नाही.

दुसरं, तुम्ही दोन्हीकडून फुल धरली. रविवारी रात्री पुण्याकडं उभं राहायला जागा नसते आणि सोमवारी परतीला आठ सीटं. दिवाळीत उलटं. रिटर्न भाड्याचा विचार न करता काढलेला नफा कागदावरच राहतो.

अमळनेर_ऑडिट

दोघांनाही एक विचारते: जागेचा हिशोब कोणी केलाय का? जहाजावर टन म्हणजे वजन नाही, जागा. एक टन म्हणजे साधारण १४ घनमीटर. मग प्रत्येक टनानं फेरीला काय दिलं ते बघा.

एक खोली ४ टनांची, किंमत ५ लाख, म्हणजे फेरीला १,०४२ हप्ता. हाय पॅसेजला सामानाचा एक टन आणि आठ प्रवाशांमागे एक स्ट्युअर्ड. त्याची खोली, पगार, हवापाणी. हे सगळं घातलं की टनाला ११६२ उरतात. मिडल पॅसेजचं तिकीट ८,०००, सामान फक्त १०० किलो, स्ट्युअर्ड लागत नाही: १२०९. म्हणजे साहेबांपेक्षा साधा प्रवासी जास्त देतो! (मी तीनदा तपासलं. स्ट्युअर्ड आणि ती एक टनाची पेटी खातात.) मालाचे सरळ १,०००, वर एक पैशाचा खर्च नाही.

पण हे खोली भरलेली असली तर. मिडलच्या सात खोल्यांमागे एक रिकामी गेली की टनाला बरोबर हजार पडतात, मालाइतकेच. दुसरी रिकामी गेली की माल जिंकला. गच्चीवाल्यांचा निष्कर्ष मला मान्य आहे, पण कारण वेगळं: प्रवासी कमी देत नाही, त्याची रिकामी जागा महाग पडते.

लो बर्थ मात्र अर्ध्या टनात बसतो. टनाला १५९२. सगळ्यात जास्त.

पीजेचा_प्रवासी

हा खेळ आहे की टॅली? रविवारी लोक गच्चीवर ताऱ्यांत जायला येतात आणि तुम्ही त्यांना व्हाउचर भरायला लावता. पाचोरा-जामनेरच्या पीजेत, त्या छोट्या रेल्वेत, आम्ही चढायचो तेव्हा ती नफ्यात आहे का असं कोणी विचारलं नाही. खिडकी मिळाली की झालं. द्या की पोरांना लायनर. एखादा राजदूत बसवा, एखादा चोर बसवा, डायनिंग हॉलमध्ये खून पाडा.

गच्चीवाला_जळगाव

पीजेवाले, खून पाडतोच. पण चोराला जहाजात का घेतलं हे हप्ता सांगतो. महिनाअखेर, दोन खोल्या रिकाम्या, एक माणूस तिप्पट पैसे रोख देतोय आणि पेटी उघडू नका म्हणतोय. तंगी नसेल तर पोरं त्याला सरळ नाही म्हणतील. मग रविवारी काय खेळायचं?

ऑडिटताई, ते मिडलचं गणित माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. रात्री पुन्हा करून बघतो.

यार्डात_चाळीस_वर्षं

भुसावळ यार्डात नोकरी केली, नातवामुळे हा खेळ कळला. मुलांनो, तुम्ही सगळे तिकिटावर भांडताय. भाडं उडीमागे आहे, अंतरामागे नाही, खरी गोम तिथं. एक पार्सेकला १०,००० आणि तीन पार्सेकलाही १०,०००. पण तीन पार्सेकच्या उडीला जहाजाचा तीस टक्के भाग नुसत्या इंधनानं भरावा लागतो. ६०० टनीच्या पोटात १८० टन उडीचं इंधन, वर ३० पॉवर प्लँटचं. ती जागा तुम्हाला दमडी देत नाही. जळगाव ते चाळीसगाव जेवढं तिकीट तेवढंच मुंबईचं ठेवलं तर रेल्वेचं काय होईल?

अंतराप्रमाणे भाडं लावा. मोंगूस कंपनीच्या २००८ च्या आवृत्तीत तसंच केलंय. मग तुमचा लायनर धावेल.

आणि एक. जहाज बंदरात किती उभं राहतं ते बघा. दर फेरीला सात दिवस उभी राहणारी गाडी मी आयुष्यात पाहिली नाही. दुसरी माणसं, दुसरा माल आधीच तयार ठेवा. बंदरातले दोन दिवस वाचले तर वर्षाला चारेक फेऱ्या वाढतील.

स्लीपर_कोच

काका, मान्य. पण मग जंप-१ वाला (एका उडीत एकच पार्सेक जाणारा) स्वस्तात गिऱ्हाईक ओढेल ना?

यार्डात_चाळीस_वर्षं

ओढेल की. तीन उड्या, मध्ये दोन बंदरं, सव्वा महिना. पॅसेंजरनं जाणारे पॅसेंजरनं जातात. घाई असलेला माणूस वेगळा.

नंदुरबार_वॉर्ड

लो बर्थ ‘सगळ्यात जास्त’ देतो हे वाचून थांबले. दोन फाशांवर ५ किंवा जास्त आलं तर माणूस जागा होतो, नाहीतर नाही. म्हणजे ३६ पैकी ६ वेळा मरतो. सहात एक! जाणकार वैद्य असेल तर +१ मिळतो, तरी बारात एक. त्या वीस बर्थमधून दर फेरीला तीन-चार मृतदेह उतरणार आणि तुम्ही टनाला १५९२ लिहिताय. मी हॉस्पिटलात काम करते, असा वॉर्ड दुसऱ्या दिवशी बंद करतील. नियमात वर जुगारही आहे, किती जण जिवंत उतरतील यावर प्रवाशांनीच पैसे लावायचे.

माझ्या टेबलवर मी वैद्य असेल तर मृत्यू काढूनच टाकलाय.

खान्देशी_भो

ताई बराबर सांगी राह्यनी. मरेल माणूस परत तिकीट काढस का?

अमळनेर_ऑडिट

वॉर्डताई, माझा दोष आहे, मी फक्त स्तंभ भरला. पण नियम काढू नका असं वाटतं. हजारात जाणारा माणूस मरायची शक्यता माहीत असूनही चढतो, इतका तो अडलेला आहे. तो कोण, कुठून पळतोय, हीच तर गोष्ट. काढून टाकलंत की ते स्वस्त तिकीट उरतं, बाकी काही नाही.

नंदुरबार_वॉर्ड

गोष्ट म्हणून ठीक. पण खेळाडू रजिस्टरमध्ये ‘४ मृत’ लिहून पुढच्या ग्रहाला निघतात, तेव्हा गोष्ट कोणाची झाली? नाव विचारा म्हणावं आधी.

विमान_चुकलेला

अहो, या जहाजाच्या नावातच (‘सबसिडाइज्ड लायनर’) ‘अनुदानित’ आहे आणि कोणी बोललं नाही? सरकार हप्ता भरतं आणि ढोबळ कमाईतला अर्धा वाटा घेतं. हे आपल्या जळगावच्या विमानासारखंच आहे. २०१७ साली उडान योजनेत विमान आलं, तासाभराच्या अंतराला अर्ध्या सीटांचं भाडं अडीच हजारावर बांधलेलं, तूट सरकार देणार. आनंदानं तिकीट काढलं. पुढं काय झालं ते विमानतळाकडच्या रिक्षावाल्यांना विचारा, कधी चालू, कधी बंद. अनुदान म्हणजे नफा नव्हे, वेळापत्रकाचा गळफास. ठरलेल्या ग्रहांनाच जायचं, मध्येच खजिना दिसला तरी वळायचं नाही. खेळाडूंना हे चालेल का?

गच्चीवाला_जळगाव

बरोबर पकडलंत, मी मुद्दाम लपवलं होतं. पण अनुदान धरूनही बघा: अर्धे म्हणजे ३,३८,००० हातात. शुद्ध इंधन, फेरीला २१० टन, ५०० च्या भावानं महिन्याला २,१०,०००. हवापाणी १,२४,०००. पगार ३४,०००. वार्षिक देखभालीचा महिन्याचा वाटा २० हजार. झाले ३,८८,०००. दरमहा ५० हजार खिशातून!

अशुद्ध इंधन १०० नं मिळतं, त्यात १,६८,००० वाचतात आणि जहाज नफ्यात येतं. मग उडी चुकून ३६ पार्सेकपर्यंत कुठंही फेकले जाण्याचा धोका घ्यायचा, सोबत २१ प्रवासी, ज्यांनी हाय पॅसेजचे पैसे भरलेत.

तरी यार्डकाकांचं ऐकून बंदरातले दिवस कमी करतो, आणि ऑडिटताईंचं ऐकून अर्ध्या खोल्या मिडलला देतो. भाडं मात्र उडीमागेच ठेवणार. तीन पार्सेकचं जहाज तोट्यात राहिलं की पोरांना दोन पार्सेकचं स्वतः डिझाइन करावं लागेल. मला तेच हवंय.

यार्डात_चाळीस_वर्षं

म्हणजे भाडं चुकीचं ठेवून डबे छोटे करणार. आमच्या वेळीही वरचे साहेब असंच करायचे.

पायलट_गच्ची

सर, मी तुमच्या टेबलवरचा पायलट. धागा आत्ता वाचला. आम्ही चौघांनी शनिवारीच ठरवलंय, लायनर घेणारच. अनुदान नाही, कर्ज. पहिले दोन हप्ते फ्री ट्रेडर विकून भरायचे, मग ठरलेला मार्ग सोडून सीमेपलीकडं. हप्ता बंद.

गच्चीवाला_जळगाव

हे मला इथं सांगतोयस?

स्लीपर_कोच

फायनान्सवाले गाडी ओढायला येतात तेव्हा पहाटे चारला येतात. पार्किंग बदलत राहा म्हणावं.

नंदुरबार_वॉर्ड

आणि त्या २१ प्रवाशांचं काय? त्यांचं तिकीट कुठपर्यंतचं आहे?