जुने आर्केड गेम, नवी यंत्रं: तुमचे अनुभव लिहा

मंडळी, नाणं टाकून खेळायचे गेम आता कन्सोल, पीसी, फोनवर रीतसर विकत मिळतात. हॅमस्टर या जपानी कंपनीची 'आर्केड आर्काइव्ह्ज' मालिका २०१४ पासून चालूच आहे. अटारी, सेगा, कॅपकॉम यांनीही आपापले पेटारे उघडलेत. 'आमच्या वेळी' छापाचे उसासे नकोत. प्रत्यक्ष खेळताना काय सापडलं आणि काय हुकलं, तेवढंच लिहा.

*

माझी तक्रार फुकटच्या क्रेडिटबद्दल, म्हणजे नाण्याच्या बदल्यात मिळायची ती खेळायची संधी. बटण दाबलं की क्रेडिट वाढतं, मग मरण्याचं भयच उरत नाही. 'मेटल स्लग' एका बैठकीत संपवला आणि डोक्यात काही उरलं नाही. नंतर हाय स्कोअर मोड लावून बघितला. सेटिंग ठरलेली, मधे थांबवलं तर डाव बाद. पहिल्याच बॉसपाशी तळहात ओले झाले! हा खरा गेम. रिवाइंडचा, म्हणजे खेळ मागे नेण्याच्या सोयीचा, मला राग नाही, अवघड जागा घोटून घ्यायला उत्तम. पण त्यावर केलेला स्कोअर कृपया सांगत फिरू नका.

*

ट्रॅकबॉलचं काय करायचं? 'मिसाइल कमांड' (१९८०) त्या गोळ्यासाठीच घडवलेला. तळव्यानं गोळा फिरवला की निशाण झपकन पडद्याच्या दुसऱ्या टोकाला. कंट्रोलरवरच्या अंगठ्याच्या काडीनं ते रांगतं, तोवर शहरं खाक. माउस लावल्यावर जरा जीव आला. बाकी 'अटारी ५०' (२०२२) या संग्रहातल्या मुलाखती आणि जुनी कागदपत्रं मी गेमपेक्षा जास्त वेळ पाहत बसलो.

*

'गॅलगा' उभ्या पडद्याचा गेम. आडव्या टीव्हीवर मधे चिंचोळी पट्टी, बाजूला नक्षी. पर्यायांत 'स्क्रीन फिरवा' दिसलं, म्हणून मॉनिटर स्टँडवर काटकोनात उभा केला. चित्र मोठं झालंच, शिवाय वरून सुटलेला शत्रू खाली येईपर्यंत डोळ्यांना वेळ मिळाला. ज्यांचा मॉनिटर फिरतो त्यांनी करून बघाच.

*

मुलीनं 'स्पेस इन्व्हेडर्स' (१९७८) खेळताना विचारलं, "शेवटी शेवटी हे एवढे पळतात का?" उत्तर भारी आहे. मूळ यंत्र एका फ्रेमला (पडद्यावर भराभर बदलणाऱ्या चित्रांतलं एक) एकाच आक्रमकाला हलवतं. ५५ जण असताना सगळ्यांची फेरी व्हायला जवळपास एक सेकंद लागतो. जितके कमी उरतील तितकी प्रत्येकाची पाळी लवकर येते. यंत्राची मर्यादा, पण गेमचा सगळा थरार त्यातच! नव्या यंत्राला असले हजारो एकदम हलवता येतील, तरी ही संथ पाळी मुद्दाम जपावी लागते. नाहीतर तो गेमच राहणार नाही.

*

परवान्यांचं कुणीच लिहिलं नाही? 'आउटरन ऑनलाइन आर्केड' हा गाडी पळवायचा गेम २००९ मध्ये आला आणि फेरारीचा परवाना संपल्यावर ऑनलाइन दुकानांतून काढला गेला. पुढे सेगानं थ्रीडीएस या निंटेंडोच्या हातात धरायच्या यंत्रावर मूळ 'आउटरन' आणला, तेव्हा गाडीच्या रूपात बारीक फेरफार केले. 'पॅक-लँड'च्या २०२२ च्या आवृत्तीत तर मिस पॅक-मॅनच्या जागी 'पॅक-मॉम' उभी आहे. टोपी बदलली, नाव बदललं, बाकी गेम तोच. मला हे खटकतं. कोड जसाच्या तसा जपायचा आणि पात्रं कागदपत्रांपायी बदलायची!

*

एका संग्रहात उडीचं बटण दाबल्यावर उडी क्षणभर उशिरानं बसायची. टीव्हीचा गेम मोड (चित्राचा उशीर कमी करणारी सेटिंग) चालू केल्यावर बरंच सुधारलं. आधी ते तपासा, मग गेमला शिव्या द्या.

*

'डाँकी काँग' मी घरच्या कन्सोलवरच खेळलेलो. त्यात कन्व्हेयर पट्ट्यांचा टप्पा गाळलेला होता. १९८१ चा आर्केड गेम २०१८ मध्ये निंटेंडोच्या स्विच कन्सोलवर आला, तेव्हा तो टप्पा पहिल्यांदा खेळलो. पट्टा मधेच उलटा फिरतो आणि मारिओ आगीकडे ओढला जातो. अजून धड जमत नाही. कुणाकडे युक्ती असेल तर सांगा.