मदत हवी आहे: सततच्या थकव्यात झोप-अंगदुखीसाठी विजया (म्हणजे भांग) तेल कोणी घेतलंय का?

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, राजेंद्रनगरात राहते, वय ४६. २०२१ मध्ये कोविड झाला, तेव्हापासून थकवा गेलेलाच नाही. झोपून उठलं की जाणारा थकवा नव्हे हा. एक दिवस राजवाड्याला खरेदीला गेले की पुढचे दोन दिवस मी आडवी, केस विंचरायलाही हात वर जात नाही. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी१२, साखर सगळं नॉर्मल. सासूबाई म्हणतात, "जरा फिरत जा." फिरले की जास्तच बिघडतं, हे कुणाला पटतच नाही!

आता एका वैद्यांनी विजयेच्या पानांच्या अर्काचं तेल सुचवलंय. थकव्यावर नाही, रात्रीची झोप आणि अंगदुखी यांसाठी, असं त्यांनीच स्पष्ट सांगितलं, म्हणून जरा विश्वास बसला. १९८५च्या अमली पदार्थ कायद्यात (एनडीपीएस) गांजा-चरस येतात, नुसती पानं येत नाहीत, हेही समजलं. पण घरी एकच धोशा, "भांगच ना ती!" दर शिवरात्रीला ठंडाई पिऊन लोळणारे दीरच यात सगळ्यात पुढे.

माझी खरी काळजी वेगळी आहे. रात्री मी ॲमिट्रिप्टिलीनची १० मिलिग्रॅमची गोळी घेते, तिचीही गुंगी असते. दोन्ही एकत्र घेतलेलं कोणी आहे का? सकाळी डोकं जड राहतं का, स्कूटी चालवता येते का? टीएचसी (भांगेतला नशा आणणारा घटक) कमी आणि सीबीडी (नशा न आणणारा घटक) जास्त असलेलं तेल घेतलं असेल तर तेही सांगा. न्यूरोलॉजिस्टना विचारणारच आहे, पण भेट पुढच्या महिन्यात आहे.